अंतराळात विमानवाहू जहाज का जिंकणार नाही: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. अंतराळयुद्धांवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की मिडवेनंतर (१९४२ची जपान-अमेरिका लढाई, जी विमानवाहू नौकांवरच्या विमानांनी ठरवली) बॅटलशिपचा, म्हणजे मोठ्या तोफांच्या चिलखती युद्धनौकेचा, काळ संपला, जपानची यामातोसारखी अजस्र युद्धनौकाही विमानांनीच बुडवली, मग भविष्यकथांत पुन्हा तोफांची जहाजे कशाला? शिवाय लढाऊ यानांच्या थव्यापुढे एकटे अवजड जहाज टिकणार नाही, असेही तुम्ही म्हणता. दोन्ही मुद्दे वजनदार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

इतिहास तुम्ही बरोबर सांगितलात, त्याचे कारण मात्र बाजूला राहिले. यामातोच्या ४६ सेंटिमीटरच्या तोफांचा पल्ला सुमारे ४२ किलोमीटर होता आणि तिचा वेग ताशी जेमतेम ५० किलोमीटर. विमान तिच्या कितीतरी पट वेगाने जात होते, कारण ते पाण्यातून नव्हे तर हवेतून जात होते. दिसण्याचेही तसेच. समुद्रसपाटीपासून २० मीटरवर उभ्या माणसाला क्षितिज १६ किलोमीटरवर दिसते, तर ३,००० मीटर उंचीवरच्या वैमानिकाला जवळपास १९५ किलोमीटरवर. १० डिसेंबर १९४१ला ब्रिटिशांच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या मोठ्या युद्धनौका बुडाल्या, त्या इंडोचायनातल्या धावपट्ट्यांवरून उडालेल्या जपानी विमानांमुळे. त्या हल्ल्यात विमानवाहू नौका नव्हतीच. बॅटलशिपला हरवले ते हवेने दिलेल्या वेगाने आणि उंचीने.

अंतराळात ही हवा कुठून आणायची? जहाज आणि त्यातून सुटलेले लढाऊ यान एकाच पोकळीत, एकाच नियमाने चालतात. क्षितिज नाही. माणसे राहतील इतके ऊबदार जहाज उणे २७० अंशांच्या पार्श्वभूमीवर अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) दुर्बिणीला फार दुरून दिसते. टेहळणीसाठी वैमानिक पुढे पाठवायची गरजच उरत नाही.

आता इंधन, माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो. क्षेपणास्त्राला वेग एकदाच घ्यायचा असतो. परतणाऱ्या यानाला तेवढाच बदल चारदा करावा लागतो: वेग घ्यायचा, तो मारायचा, उलट दिशेने पुन्हा घ्यायचा आणि आपल्या जहाजापाशी येऊन पुन्हा मारायचा. इंधन वाहून न्यायलाही इंधन लागते, म्हणून हिशेब चौपटीवर थांबत नाही. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ४.५ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. तेवढाच वेग गाठायचा, तर एक टनाच्या क्षेपणास्त्राला १.७ टन इंधन पुरते. एक टनाच्याच यानाला जाऊन परत यायला सुमारे ५४ टन लागते, आणि त्या एका टनात वैमानिक, त्याची हवा, त्याची खुर्ची हे सगळे बसवायचे. इंजिन सुधारले तर आकडे खाली येतील, पण ते इंजिन क्षेपणास्त्रालाही लावता येईल.

वैमानिक काढून ड्रोनचा थवा सोडू, असे तुम्ही सुचवलेत. जरूर सोडा. पण परत न येणारा ड्रोन म्हणजे क्षेपणास्त्रच. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या तीन छोट्या मिसाईल बोटींनी कराचीजवळ खैबर ही विनाशिका बुडवली, तेव्हा त्यांच्याकडे ना धावपट्टी होती ना जाड चिलखत. तुमचा थवा वाहणारे जहाज याच कुळातले.

लेझर असेल तर आकाराचा थेट फायदा मिळतो. १,००० किलोमीटरवर एक मीटरच्या आरशातून सोडलेल्या एक मायक्रॉन तरंगलांबीच्या झोताचा ठिपका किमान अडीच मीटरभर पसरतो, दहा मीटरच्या आरशातून तो पाव मीटरचा होतो. शक्ती तीच ठेवली तरी तीव्रता शंभरपट. असा आरसा छोट्या यानात मावत नाही. मोठे जहाज हे मोठे लक्ष्य असते हे खरे, पण यानांचा ताफा वाहणारे जहाजही काही लहान नसते. ८ जून १९४०ला ग्लोरिअस ही ब्रिटिश विमानवाहू नौका दोन जर्मन बॅटलशिपांच्या तोफांच्या टप्प्यात सापडून बुडाली.

तुमचे म्हणणे खरे ठरेल अशी एक जागा मला दिसते: ग्रहाजवळची खालची कक्षा. ४०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीचे क्षितिज साधारण २,३०० किलोमीटरवर येते. त्याच उंचीवरचे दुसरे जहाज याच्या दुप्पट अंतरापलीकडे गेले, की ते खरोखरच लपलेले असते. तिथे ग्रहाआडून डोकावणारे छोटे यान हवेच, आणि वातावरणात उतरायचे असेल तर पंखही हवेत. थवा रंगवायचा असेल तर कथा त्या कक्षेत घडवा. खुल्या अवकाशात मात्र शत्रूची क्षेपणास्त्रे कित्येक तास आधी दिसत असतील, आणि त्या तासांत कप्तान काय ठरवतो यावर मला कथा वाचायला आवडेल.