अडीच तासांत कोल्हापूर, वा रे वा!

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्याचा मेसेज: ‘पुणे–कोल्हापूर अडीच तास. चहासकट!’ खाली टाळ्या, अंगठे, ‘हात बसलाय पोराचा’. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन शिक्षक आणि एक डॉक्टर. धन्य.

सुमारे २३० किलोमीटर. मध्ये चार टोलनाके, खंबाटकी घाट, सातारा–कागल सहापदरीकरणाची डायव्हर्जन्स. काटा १३०च्या पुढे गेल्याशिवाय हे होतं का? ऐंशीच्या सरासरीने आला असता तर २२ मिनिटं जास्त लागली असती. वाचलेल्या २२ मिनिटांत साहेबांनी काय केलं? सोफ्यावर लोळून रील्स बघितली. बहिणीनेच सांगितलं.

तुम्ही म्हणाल, तरुण रक्त आहे. मग दाजींचं काय? म्हणजे याचे वडील. एफडीच्या फॉर्मवरची बारीक अक्षरंसुद्धा चष्मा लावून वाचणारा माणूस. गणपतीला कोकणात चाललो होतो. माणगावच्या पुढे रस्ता अरुंद, समोर एसटी, मागे हॉर्नवर हॉर्न. बराच वेळ ते एसटीमागे गप्प होते. पण वाट बघण्याचंही व्याज चढत असावं. सुरुवातीला जी फट त्यांनी सोडून दिली असती, तीच अर्ध्या तासाने त्यांना हमरस्त्याएवढी दिसली. वळणावर गाडी बाहेर काढली. समोरून टँकर.

मी ओरडले, "दाजी, हळू!" तर म्हणे, "तुम्ही मागचं बघा, पुढचं मी बघतो." गाडीत हशा.

रस्त्याचाही दोष आहे, मान्य. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, आणि तिथे कुणाचंही डोकं फिरेल. पण टँकर दिसत असताना अ‍ॅक्सिलरेटरवर सरकारचा पाय नव्हता.

आम्ही वाचलो कसे, तर एसटीच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारून आम्हाला आत घेतलं म्हणून. आणि दाजी काय म्हणाले? "बघितलं? पिकअप आहे गाडीला!" श्रेय गाडीला, उरलेलं स्वतःला. एसटीवाल्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. दर वेळी असंच होतं. काही झालं नाही की ते आपल्या कौशल्याच्या खात्यावर जमा, आणि पुढच्या वेळी फट अजून थोडी लहान चालते. प्रत्येकाला आपण सरासरीपेक्षा बरे ड्रायव्हर वाटतो. १९८१ सालच्या एका पाहणीत ९३ टक्के अमेरिकन विद्यार्थ्यांना तसंच वाटत होतं, म्हणजे हा रोग फक्त आपला नाही. बरं वाटलं? मला नाही वाटलं.

त्या दिवशी मागच्या सीटवर माझ्या शेजारी टाळ्या कोण वाजवत होतं? हाच भाचा. दहावीत असेल तेव्हा. ‘पप्पा, एक नंबर!’ आज त्याच टाळ्या त्याला ग्रुपवर मिळाल्या. आपणच पोसतो हे. गाडी हळू चालवणाऱ्याला ‘बैलगाडी’ म्हणतो, आणि जावयाला हळू घ्या म्हणायचं तर त्याचा अपमान होतो. २०२२ मध्ये चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टवर याच ग्रुपमध्ये प्रवचनं झाली होती. आता भाच्याच्या गाडीत बेल्टची टिंगटिंग बंद करणारी खोटी क्लिप आहे. ती कुणाला दिसत नाही?

आणि तरी हा मुलगा वाईट नाही हो. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातून घरी त्यानेच आणलं. प्रत्येक स्पीडब्रेकरवर जवळजवळ थांबत होता. मागून शिव्या पडल्या तरी ढिम्म. म्हणजे येतं त्याला. आजी गाडीत असली की येतं. एकटा असला की आपलं कुणी गाडीत आहे हेच तो विसरतो. म्हणजे तो स्वतः.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. दाजींनी हात जोडलेले पाठवले. बहिणीचा फोन आला, "चारचौघांत कशाला बोललीस पोराला?" भाच्याने वाचलंय, दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला लग्न आहे. ‘मावशी, तुला मीच घेऊन जातो’ असं तो मागेच म्हणालाय. जाईन. पुढे बसेन, ती क्लिप काढून पर्समध्ये टाकेन, आणि खंबाटकीपर्यंत माझं ऐकलं नाही तर साताऱ्याला उतरून एसटी पकडेन. अजून कुणाला यायचं असेल तर सांगा.