‘वजन कमी करा’ हे काय औषध हाय?

पानठेल्याजवळच्या पारावर गुरुजींनी चहाच्या पहिल्याच घोटाला सुरुवात केली. "डॉक्टर, तुमच्या चिठ्ठीवर लिवलं असते, ‘वजन कमी करा, तेलकट-गोड बंद’. हे काय औषध हाय? किती घ्याचं, कवा घ्याचं, काहीच नाही."

आरोग्य केंद्राचे डॉक्टर हसले नाहीत. "शंभरेक जणांची ओपीडी असते, गुरुजी. माणशी तीन मिनिटं मिळाली तरी खूप. आणि एमबीबीएसला क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशीत अन्नापासून शक्ती कशी तयार होते ते चक्र, पाठ होते, पण घरात तेलाचा पिपा किती दिवस पुरतो हे विचारायला कुठल्याच पेपरात सांगत नाहीत."

"२०१९ च्या अभ्यासक्रमात संवाद शिकवणं आलं ना?"

"आलं. पण बोलायचं कसं ते एका तासाला आणि ताटात काय ते दुसऱ्या. दोन्हीची गाठ पेशंटसमोरच पडते."

उपकेंद्राचा सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, तोवर काडीनं मातीत हिशेब मांडत होता. "पिपाच घ्या ना. १५ किलोचा, घरात पाच जण, दोन महिन्यांत खाली. म्हंजे माणशी रोज ५० ग्रॅम. ग्रॅमले ९ कॅलरी, झाल्या साडेचारशे. बसून काम करणाऱ्याले २५-३० ग्रॅम पुरते. म्हून ‘तेलकट बंद’ नाही म्हनाचं. ‘हाच पिपा तीन महिने पुरवा’ म्हनाचं. माणशी रोजच्या दीडशे कॅलरी तिथंच कमी."

"आन् घरात सुकलेलं लेकरू असलं तं?" गुरुजींचा सवाल रास्त होता. एकाच घरात आई जाड आणि लेक कुपोषित, हे आपल्याकडे नवं नाही.

"लेकराच्या वरणावर चमचाभर तेल वरून घालायचं, वेगळं," डॉक्टर म्हणाले. "भाजीची फोडणी सगळ्यांची एक असते, म्हणून सल्ला घराला द्यावा लागतो, एकट्या पेशंटला नाही."

मग पोळी सोडून भाकर धरायची का, यावर थोडं झालं. ते लवकर मिटलं: शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि शंभर ग्रॅम कणीक, कॅलरी जवळपास सारख्याच. आपली एक थापलेली भाकर दोन पोळ्यांना भारी पडते, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

खरी जुंपली ती डॉक्टरांना हे शिकवायचं कसं यावर. गुरुजींना व्याख्यानमाला हवी होती. सीएचओ म्हणे, प्रोजेक्टर नकोच. तिघातिघांची टोळी करा. एक डॉक्टर, एक पेशंट, एक नुसता पाहणारा. पाच मिनिटं बोलणं, मग अदलाबदल. पाहणाऱ्यानं एवढंच टिपायचं: वजनाचा विषय काढायच्या आधी परवानगी घेतली का, पेशंटचं वाक्य मधातच तोडलं का, शेवटी एकच बदल ठरला का, आणि तो पेशंटनं स्वतःच्या शब्दांत परत सांगितला का.

"‘नेहमी काय खाता’ विचारलं की माणूस चांगलं चांगलं सांगते," तो म्हणाला. "‘काल उठल्यापासून काय काय झालं’ विचारा, मंग चारदाचा चहा निघते. कपाले दोन चमचे साखर, ४० ग्रॅम, १६० कॅलरी. टोस्ट वेगळे."

मापाचंही तेच. भारतीयांत बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८०. पण टेप परकराच्या नाडीवरून फिरवला की आकडा खोटा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवा. आशाताईंच्या तपासणी फॉर्ममध्ये कमरेचा रकाना आहेच. माप नीट असलं तरच त्याला अर्थ. आणि आकडा रांगेसमोर ओरडून सांगायचा नाही. बाई पुन्हा काट्यावर चढत नाही.

डॉक्टरांनी एक धोका सांगितला, तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसाला जेवण कमी करायला लावलं आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर उतरून तो वावरातच घामाघूम होऊन पडेल. म्हणजे चिठ्ठीत आहार बदलला की त्याच बैठकीत गोळीकडेही पाहायचं. स्टेरॉइडनं फुगलेल्या माणसाला आधी औषधं विचारायची. त्याला भाकरीचा हिशेब सांगणं म्हणजे शुद्ध अन्याय.

"पर लोकं ऐकते का?" गुरुजी अडूनच होते.

"चेन्नईच्या अभ्यासात, २००६ मध्ये निष्कर्ष आले, मधुमेहाच्या काठावरच्या लोकांना नुसतं आहार-व्यायामाचं मार्गदर्शन केलं तर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्के कमी झालं," डॉक्टर म्हणाले. "गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. म्हणून दर भेटीला फक्त काटा पाहणारा डॉक्टर पेशंटला उगाच नापास करतो."

किराणावाले भाऊ इतका वेळ गप्प होते. "पिपा तीन महिने पुरला तं माह्या धंद्याचं काय?" मग आपणच म्हणाले, "जाऊ द्या. मी पिप्यावर तारीख लिवून देत जाईन."

"विकल्याची नको भाऊ," सीएचओ म्हणाला. "फोडल्याची पायजे. घरी आधीचा अर्धा पडला असते."