लिनक्समध्ये ॲप नेमकं जातं कुठे? एका फॉरवर्डला उत्तर

लिनक्सबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. म्हणणं थोडक्यात असं: लिनक्समध्ये ‘प्रोग्राम फाइल्स’सारखा एक फोल्डर नसतो, त्यामुळे ॲपच्या फाइली वाटेल तिथे विखुरतात, कुठे काय गेलं ते सांगता येत नाही आणि ॲप काढलं तरी कचरा मागे राहतो. विंडोजमध्ये मात्र एक फोल्डर उडवला की विषय संपला. हे वाचून नवीन माणूस बिचकतो, नाहीतर हाताने फाइली उडवत बसतो. दोन्हींचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘फाइली वाटेल तिथे जातात.’ एक फोल्डर नसतो, इथपर्यंत बरोबर. पण प्रत्येक प्रकारच्या फाइलची जागा ठरलेली आहे आणि ती १९९४ पासून लेखी आहे. त्या दस्तऐवजाचं आताचं नाव फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड, त्याची ३.० ही आवृत्ती २०१५ची. गिंप (चित्रं-फोटो संपादित करायचं ॲप) बसवून बघा. चालणारी फाइल /यूएसआर/बिनमध्ये, प्लगइन /यूएसआर/लिबखाली, सोबत येणारे ब्रश आणि ग्रेडियंट /यूएसआर/शेअर/गिंपमध्ये, मेनूतली नोंद /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये. सिस्टीमभर लागू होणारी सेटिंग्ज /ईटीसीत असतात. चालता चालता वाढत जाणारा डेटा /व्हारमध्ये. मायएसक्यूएलचे डेटाबेस सहसा /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्येच सापडतील. म्हणजे वाटणी आहेच, फक्त ती ॲपप्रमाणे न करता कामाप्रमाणे केली आहे. तिचा फायदा मोठा आहे: अनेक ॲप एकच लायब्ररी (तयार कोडचा सामायिक संच) वापरतात, आणि तिच्यातली सुरक्षेची चूक एका अपडेटमध्ये सगळ्यांसाठी दुरुस्त होते.

‘कुठे काय गेलं ते सांगता येत नाही.’ हा मुद्दा तर साफ चुकीचा. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो उघडा. तिथे प्रत्येक पॅकेजच्या (ॲप ज्या गठ्ठ्यातून बसतं त्याच्या) फाइलींची एक यादी आहे, साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक पत्ता. एवढंही नको असेल तर ‘डीपीकेजी’ या पॅकेजं सांभाळणाऱ्या कमांडला कॅपिटल एल हा पर्याय आणि पॅकेजचं नाव द्या, यादी समोर येते. उलटाही प्रश्न विचारता येतो: कॅपिटल एस आणि फाइलचा पत्ता दिला की ती कोणत्या पॅकेजची ते कळतं. फेडोरा या दुसऱ्या प्रकारावर हेच काम ‘आरपीएम -क्यूएल’ आणि ‘आरपीएम -क्यूएफ’ करतात. फक्त एक ध्यानात ठेवा, गिंपचे ब्रश ‘गिंप-डेटा’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. त्याची यादी वेगळी मागावी लागते.

‘काढलं तरी कचरा राहतो.’ काहीतरी राहतं, हे खरं. पण ते मुद्दाम ठेवलेलं असतं. डेबियन-उबुंटूवरची ‘ॲप्ट रिमूव्ह’ ही कमांड ॲप काढते आणि /ईटीसीतली सेटिंग्ज ठेवते. तीही नको असतील तर ‘ॲप्ट पर्ज’. तुमच्या होममधल्या (तुमच्या खात्याच्या फोल्डरमधल्या) .कॉन्फिग, .लोकल/शेअर आणि .कॅशे या फोल्डरांना मात्र या दोन्ही कमांड हात लावत नाहीत. तिथे तुमची सेटिंग्ज, तुमचं काम आणि तात्पुरत्या फाइली असतात. गिंप काढून पुन्हा बसवलं की तुम्ही स्वतः बनवलेले ब्रश .कॉन्फिग/गिंपमध्ये जसेच्या तसे सापडतात. याला कचरा कसं म्हणायचं? नको असेल तर तो फोल्डर खुशाल उडवा.

विंडोजच्या एका फोल्डरची गोष्टही अर्धवट आहे. ॲपचा डेटा आणि सेटिंग्ज जिथे राहतात ते ॲपडेटा व प्रोग्रामडेटा फोल्डर आणि विंडोजची रजिस्ट्री ही सेटिंग्जची नोंदवही, हे ती सांगणाऱ्याच्या लक्षातच नसतं.

तक्रार जिथे खरी आहे तिथे ती मान्य करतो. सोर्स कोडवरून ‘मेक इन्स्टॉल’ या कमांडने स्वतः बसवलेलं सॉफ्टवेअर सहसा /यूएसआर/लोकलमध्ये जातं आणि पॅकेज मॅनेजरला (ॲप्ट, डीपीकेजी यांसारख्या साधनांना) त्याची खबर नसते. नेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट चालवून /ऑप्टमध्ये टाकलेल्या ॲपचंही तेच. तिथे हिशोब तुम्हालाच ठेवावा लागतो. फ्लॅटपॅक या ॲप बसवायच्या वेगळ्या पद्धतीची तऱ्हा निराळी: ॲप /व्हार/लिब/फ्लॅटपॅकमध्ये आणि त्याचा डेटा होममधल्या .व्हार/ॲपमध्ये, प्रत्येक ॲपचा फोल्डर स्वतंत्र.

आणि कळकळीची विनंती, /यूएसआर/बिनमधली फाइल हाताने डिलीट करू नका. फाइल जाते, पण डीपीकेजीच्या नोंदीत ते पॅकेज बसवलेलंच राहतं. आधीच केलं असेल तर ‘ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने ते पुन्हा नीट बसवा आणि मग पर्ज करा.