ट्रे उघडतो, पण आत का जात नाही: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे प्रोग्रॅममधून उघडण्या-मिटण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही कडक, पण नेमकी प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. लेखातली विंडोजची ओळ तुमच्या लॅपटॉपवर ट्रे उघडते, पण आत घेत नाही आणि चूकही दाखवत नाही. लिनक्सच्या डेस्कटॉपवर कधी ‘डिव्हाइस बिझी’ येतं, तर कधी ट्रे बाहेर येऊन लगेच परत आत जातो. यापेक्षा विंडोज मीडिया प्लेअर वापरणारी जुनी व्हीबीएस (व्हीबीस्क्रिप्ट भाषेतली) फाइल बरी, असं तुमचं मत. आणि शेवटी सवाल: ड्राइव्हला बटण असताना खोड्या काढण्यापलीकडे याचा उपयोग काय, उलट मोटर जळायची.

लॅपटॉपपासून सुरुवात करतो, कारण तिथला दोष कोडमध्ये कितीही शोधला तरी सापडणार नाही. डेस्कटॉपच्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये ट्रेसाठी वेगळी छोटी डीसी मोटर असते. ती रबरी पट्ट्यावरून दातेरी चाकं फिरवते आणि ती चाकं ट्रेच्या खालच्या दात्यांत अडकून ट्रे बाहेर ढकलतात किंवा आत ओढतात. लॅपटॉपच्या १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीच्या ड्राइव्हमध्ये एवढ्या यंत्रणेला जागाच नसते. तिथे ट्रे एका खिटीने अडवलेला असतो. आज्ञा मिळाली की विद्युतचुंबक खिटी सोडवतो, स्प्रिंग ट्रेला थोडं पुढे ढकलते आणि उरलेला ट्रे आपण हाताने ओढतो. आत घेणारी मोटर तिथे मुळातच नाही. यूएसबीवर चालणाऱ्या पातळ बाह्य ड्राइव्हमध्येही बहुधा हीच रचना असते. त्यामुळे ‘सेट सीडीऑडिओ डोअर क्लोज्ड’ ही विंडोजची ट्रे मिटण्याची आज्ञा कितीदाही पाठवली तरी तो ट्रे हाताने ढकलल्याशिवाय आत जाणार नाही.

चूक का दिसली नाही, हा त्याहून महत्त्वाचा भाग. विंडोजच्या विनएमएम लायब्ररीतलं एमसीआय-सेंड-स्ट्रिंग हे अशा आज्ञा पाठवणारं फंक्शन शून्य परत देतं, तेव्हा आज्ञा समजली आणि पुढे पोचवली एवढंच कळतं. ट्रे हलला की नाही याची ती पावती नव्हे. शून्याशिवाय दुसरा आकडा आला तर तो एमसीआय-गेट-एरर-स्ट्रिंगला द्यायचा, मग कारण शब्दांत मिळतं. संगणकाला दोन ड्राइव्ह असतील तर नुसतं ‘सीडीऑडिओ’ लिहून भागत नाही, आज्ञा भलत्याच ड्राइव्हला जाऊ शकते. आधी ‘ओपन’, मग ड्राइव्हचं अक्षर आणि विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, मग ‘टाइप सीडीऑडिओ एलियस’ आणि आपण दिलेलं नाव. पुढच्या आज्ञा त्या नावाने द्यायच्या, शेवटी ‘वेट’ जोडायचं आणि काम झालं की ‘क्लोज’ करून ते नाव सोडून द्यायचं. हे नाव ज्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यात) उघडलं त्याच थ्रेडमध्ये वापरावं लागतं. बटणाच्या क्लिकवर वेगळा थ्रेड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हमखास इथेच गाडी अडते.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी आधुनिक ड्राइव्हपर्यंत शेवटी एकच आज्ञा पोचते: स्टार्ट स्टॉप युनिट. तिचा क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, १बी. तिच्या पाचव्या बाइटमध्ये २ असेल तर ट्रे बाहेर, ३ असेल तर आत. आता ड्राइव्हला विचारता येतं का, की बाबा तुला ट्रे आत घेता येतो का? लिनक्समध्ये प्रॉक, सिस, डेव्ह, सीडीरॉम या वाटेवर इन्फो नावाची फाइल आहे. तिच्यात ‘कॅन क्लोज ट्रे’ अशी ओळ असते आणि पुढे १ किंवा ०. बरेच जण तिच्यावर विसंबतात आणि फसतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हा आकडा ड्राइव्हच्या २ए क्रमांकाच्या मोड पेजवरून, म्हणजे ड्राइव्हने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीच्या तक्त्यावरून, ठरवतो. तिथे डिस्क आत जाण्याच्या यंत्रणेचा प्रकार दिलेला असतो: ० म्हणजे डिस्क वेगळ्या डबीत घालून सरकवायची जुनी कॅडी पद्धत, १ म्हणजे ट्रे. कर्नल फक्त कॅडीला ‘आत घेता येत नाही’ असं मानतो. लॅपटॉपचा ड्राइव्ह स्वतःला ट्रेच म्हणवतो, त्यामुळे मोटर नसतानाही त्या ओळीपुढे १ दिसतो.

म्हणून भरवशाचा मार्ग एकच: आज्ञा द्या आणि नंतर ड्राइव्हची स्थिती वाचा. लिनक्समध्ये त्यासाठी सीडीरॉम-ड्राइव्ह-स्टेटस हा आयओसीटीएल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलमार्फत ड्राइव्हला करायची विचारणा, आहे, क्रमांक हेक्स ५३२६. उत्तर ० आलं तर माहिती नाही, १ म्हणजे डिस्क नाही, २ म्हणजे ट्रे उघडा, ३ म्हणजे ड्राइव्ह अजून तयार नाही, ४ म्हणजे डिस्क ठीक. ट्रे आत गेल्यावर डिस्क फिरून ओळखली जाईपर्यंत काही सेकंद ३ येत राहतो. ते अपयश समजू नका. दर अर्ध्या सेकंदाला विचारत राहा, ३० सेकंदांची मर्यादा ठेवा आणि तोवर १ किंवा ४ आला नाही तरच हार माना. सलग २ येत राहिला तर ट्रे जागेवरच आहे. तेव्हा पडद्यावर ‘ट्रे हाताने आत ढकला’ असा संदेश द्यायचा आणि वाट बघायची. विंडोजवर हेच स्कझी पास थ्रू (ड्राइव्हला थेट आज्ञा पाठवण्याची सोय) वापरून गेट इव्हेंट स्टेटस नोटिफिकेशन, म्हणजे हेक्स ४ए, पाठवून कळतं. मीडियाच्या माहितीतल्या स्थितीच्या बाइटमधला शून्यावा बिट ट्रे उघडा असल्याचं सांगतो, पहिला बिट डिस्क असल्याचं.

आता ‘डिव्हाइस बिझी’. डिस्क माउंट झालेली (फाइली वाचण्यासाठी सिस्टिमला जोडलेली) असते किंवा एखाद्या प्रोग्रॅमने ती धरून ठेवलेली असते, तेव्हा कर्नल ड्राइव्हचं दार लॉक करतो. हे लॉक तुमच्या भल्यासाठीच आहे. फ्यूजर -व्हीएम आणि पुढे ड्राइव्हचा पत्ता दिला की कोणी धरलं आहे ते दिसतं. पुष्कळदा तो दुसरा टर्मिनलच असतो, ज्यात तुम्ही फोल्डर बदलणाऱ्या ‘सीडी’ आज्ञेने त्या डिस्कच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेले असता. तिथून बाहेर पडा, मग ‘इजेक्ट’ ही आज्ञा द्या. ती आधी अनमाउंट करते आणि मग ट्रे उघडते. एखादा प्रोग्रॅम मध्येच कोसळून लॉक तसंच राहिलं असेल तर इजेक्टला -आय ऑफ हा पर्याय देऊन ते काढता येतं. एसजी३-यूटिल्स हा ड्राइव्हला थेट आज्ञा देणाऱ्या साधनांचा संच असेल तर एसजी-प्रिव्हेंटला --अलाउ द्या. पण माउंट झालेली डिस्क त्याच संचातल्या एसजी-स्टार्टने जबरदस्तीने बाहेर काढू नका. फाइल सिस्टिमला त्याचा पत्ताच लागत नाही आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर इनपुट-आउटपुट चुकांचा मारा होतो.

विंडोजवर हीच शिस्त चार पायऱ्यांनी पाळायची: व्हॉल्यूम लॉक, डिसमाउंट, काढण्यावरची बंदी उठवणे आणि मग इजेक्ट. एफएससीटीएल-लॉक-व्हॉल्यूम, म्हणजे पहिल्या पायरीचं लॉक, पहिल्या फटक्यात मिळेलच असं नाही, कारण एक्सप्लोरर किंवा अँटिव्हायरस डिस्क चाळत असतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या नमुना कोडमध्ये १० सेकंदांत २० प्रयत्न केले आहेत. तेच प्रमाण आजही पुरतं.

ट्रे बाहेर येऊन लगेच आत जाण्याचा प्रकार मात्र वेगळा आहे आणि त्याचं कारण फार कमी ठिकाणी नीट सांगितलेलं आढळतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये डेव्ह.सीडीरॉम.ऑटोक्लोज ही सेटिंग मुळातच १ असते. ट्रे उघडा असताना कोणत्याही प्रोग्रॅमने ड्राइव्ह साध्या पद्धतीने उघडला, तर कर्नल स्वतःच ट्रे आत ओढतो. इजेक्टनंतर ड्राइव्हमध्ये काय आहे हे बघायला एखादा प्लेअर किंवा ब्लॉकआयडीसारखं साधन आलं की झालंच. कर्नलच्या सेटिंग बदलणारी सिस्कटीएल -डब्ल्यू ही आज्ञा वापरून ही सेटिंग ० करा. फरक पडला तर ईटीसीमधल्या सिस्कटीएल.डी फोल्डरमधल्या फाइलमध्ये तीच ओळ लिहून कायमची करा. स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल तर ड्राइव्ह नेहमी ओ-नॉनब्लॉक या झेंड्यानेच उघडा. त्याने ऑटोक्लोज टळतं आणि डिस्क नसतानाही ड्राइव्ह उघडता येतो. एरवी रिकाम्या ड्राइव्हवर ‘नो मीडियम फाउंड’ म्हणून दार आपटलं जातं.

इजेक्ट -मोठा टी, म्हणजे उघडा असेल तर मिटव आणि मिटलेला असेल तर उघड, याबद्दल एक छान बारकावा. ड्राइव्ह स्थिती सांगत नसेल तर ही आज्ञा आधी ट्रे उघडून बघते आणि वेळ मोजते. ०.२ सेकंदांच्या आत काम संपलं तर ट्रे आधीच उघडा होता असं धरून तो मिटवते.

व्हीबीएसबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. ती फाइल मीडिया प्लेअरच्या इजेक्टवर चालते आणि तोच इजेक्ट उघड्या ट्रेवर उलटं काम करतो, म्हणजे ट्रे आत घेतो. सुरुवातीची स्थिती माहीत नसेल तर शेवटी ट्रे कुठे असेल ते सांगता येत नाही. विंडोजच्या ‘एन’ आवृत्त्यांत मीडिया प्लेअर मुळात दिलेलाच नसतो. शिवाय मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्टला निवृत्तीच्या यादीत टाकलं आहे. नवं काम तिच्यावर उभारू नये.

उपयोगाच्या प्रश्नावर थोडं ठामपणे बोलतो. ॲपलच्या पॉवर मॅक जी५ आणि त्यानंतरच्या पहिल्या मॅक प्रोमध्ये ट्रे धातूच्या झडपेमागे होता आणि पुढे बटणच नव्हतं. कीबोर्डवरची इजेक्ट कळ किंवा टर्मिनलमधलं ड्रूटिल ट्रे ओपन, ड्रूटिल ट्रे क्लोज, हाच तिथला मार्ग. रुग्णालयांत सीटी, एमआरआयच्या डिस्क छापणारी रोबॉट यंत्रं असतात. त्यांचा हात डिस्क उचलून ट्रेवर ठेवतो, तेव्हा बटण दाबायला माणूस नसतो. तिथे मोटरचा ट्रेच लागतो आणि स्थिती वाचूनच हात हलवावा लागतो, नाहीतर डिस्क किंवा ट्रे मोडतो. शेकडो गाण्यांच्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवताना एबीसीडीई या साधनात इजेक्टसीडी=वाय ठेवलं की काम संपल्यावर ट्रे आपोआप बाहेर येतो आणि पुढची सीडी कधी ठेवायची ते दुसऱ्या टेबलावरूनही कळतं. घराघरांतल्या जुन्या नाट्यगीतांच्या, कीर्तनांच्या सीडी वाचवायच्या असतील तर हे काम आत्ताच करायला हवं, आणि त्यात हा छोटा भाग फार हात देतो.

खोड्यांचा इतिहास मात्र खरा आहे. दुसऱ्याचा संगणक दुरून चालवणाऱ्या १९९८ च्या नेटबस या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्याचा ट्रे दुरून उघडण्याची सोय होती. म्हणूनच ही आज्ञा विनापासवर्ड नेटवर्कवर उघडी ठेवू नये. डेबियन किंवा उबंटूवर ज्या वापरकर्त्याला खरंच गरज आहे त्यालाच सीडीरॉम गटात घालावं.

मोटर जळण्याची भीती नको. बटण आणि सॉफ्टवेअर दोन्ही ड्राइव्हच्या त्याच फर्मवेअरला (ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमला) सांगतात, मोटर तोच चालवतो आणि थांबवतो. झिजतो तो पट्टा. आतून मोटरचा आवाज येतो पण ट्रे हलत नाही, किंवा जेमतेम उघडून परत जातो, तेव्हा पट्टा सैल वा गुळगुळीत झालेला असतो. वीज बंद करून, प्लग काढून, समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घाला आणि ट्रे हाताने ओढा. ट्रेची पुढची पट्टी काढा. बऱ्याच ड्राइव्हमध्ये पट्टा तिथेच ट्रेखाली दिसतो, नाहीतर तळाचे चार स्क्रू काढावे लागतात. पट्टा आणि दोन्ही चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पट्ट्याला तेल लावू नका. बदलायचा असेल तर ताणलेल्या पट्ट्याच्या मापाचाच नवा घेऊ नका, तोही सैल पडेल. थोडा लहान घ्या.

तुमच्या डेस्कटॉपचं कोडं सोडवायला तीन गोष्टी लागतील: ड्राइव्हचा मॉडेल क्रमांक, इन्फो फाइलमधल्या सगळ्या ओळी आणि ऑटोक्लोज ० केल्यानंतर इजेक्टने काय केलं ते. ट्रे तरीही आत जात असेल, तर तो बाहेर आल्या आल्या फ्यूजरची आज्ञा चालवा आणि तिचं उत्तरही इथेच खाली टाका.