"लग्न झालं की मुरुम जातात" म्हणणाऱ्यांसाठी

परवा फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. थोडक्यात असा की मुरुम हा वयात येणाऱ्या पोरापोरींचा विषय, लग्न झालं की आपोआप जातात, तिशीनंतर येत असतील तर चेहरा स्वच्छ ठेवत नाही म्हणून, आणि मोठ्या माणसाने त्याचं टेन्शन घेणं म्हणजे चोचले, चेहरा साफ झाला की माणूस सगळं विसरतो. खाली सात जणांचे अंगठे. मी ३६ वर्षांची आहे आणि नववीपासून हे भोगलंय, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

वयाचं बोलायचं तर अमेरिकेत अलाबामात हजारावर मोठ्या माणसांना विचारून केलेली एक पाहणी २००८ साली छापून आली, त्यात विशीतल्या निम्म्या बायका, तिशीतल्या ३५ टक्के आणि चाळिशीतल्या २६ टक्के बायका म्हणाल्या की आम्हाला अजून मुरुम येतात. पुरुषांमध्ये कमी, पण चाळिशीत तिथेही १२ टक्के. मग हा पोरांचा विषय कसा?

लग्नाचा तर काडीचा संबंध नाही, संबंध हार्मोन्सचा आहे, म्हणून तर पाळीच्या आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येतात, पीसीओएस (बायकांमधला अंडाशयाचा, हार्मोन्स बिघडवणारा आजार) असेल तर अजून जास्त. पण हे वाक्य मुलीला कसं लागतं ते सांगते. माझ्या कांदेपोह्यांच्या वेळी मुलाच्या आत्याने माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला, उजेडात नीट बघितलं आणि माझ्या आईला विचारलं, "हे जातील ना हो?" मी हातात ट्रे घेऊन तशीच उभी. आई म्हणाली, "हो हो, लग्नानंतर जातात." आईचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

अस्वच्छतेचं म्हणाल तर ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे मळ नसतोच, छिद्रात अडकलेला मेद आणि त्वचेचं रंगद्रव्य हवेशी संपर्क आला की काळं दिसतं. मी कॉलेजात दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुवायचे, कातडी सोलून निघाली आणि मुरुम होते तिथेच. (आणि कुणी "मेडिकलमधून अमुक ट्यूब आण" म्हणालं तर प्लीज आधी डॉक्टरला दाखवा, अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं, आधी चेहरा उजळतो आणि मग त्याच ट्यूबने मुरुम उठतात.)

आता चोचले. या शब्दाचा मला खरंच राग आहे. १९९९ साली ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत एक अभ्यास आला होता, त्यात मुरुमांच्या पेशंटनी सांगितलेला मानसिक आणि सामाजिक त्रास दमा, एपिलेप्सी, डायबेटिस, संधिवात असलेल्यांच्या तोडीचा निघाला. २०१८ साली त्याच जर्नलमध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या १९८६ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या, तर मुरुमांचं निदान झाल्यावरच्या पहिल्या वर्षात डिप्रेशनचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त दिसला. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण ज्याला होतं त्याला "एवढंसं तर आहे" म्हटलं की तो डॉक्टरकडे जातच नाही, ना त्वचेच्या ना मनाच्या.

आणि विसरण्याचं. आपल्या सावळ्या कातडीवर मुरुम गेला तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो, खड्डा पडला तर तो कायमचाच, आणि लपायची सवय तर त्याहून चिवट. माझा उजवा गाल जास्त खराब होता, म्हणून एसटीत मी कायम उजव्या बाजूची खिडकी धरायचे, म्हणजे तो गाल काचेकडे आणि शेजारच्याला फक्त डावा दिसायचा. औषधं नीट घेतल्यापासून तीन वर्षं चेहरा बऱ्यापैकी साफ आहे. गेल्या आठवड्यात साताऱ्याला जाताना गाडी अर्धी रिकामी होती, डावीकडे सावली होती, तरी मी उन्हात उजव्या खिडकीशीच जाऊन बसले.