शेठजी, तुमची कमजोरी सांगता का?

एमबीएच्या सरांनी फर्मान काढलं, "जवळची एखादी कंपनी घ्या, तिच्या धंद्याचा अभ्यास करा, स्वॉट काढा." बलस्थानं आणि उणिवा कंपनीच्या आतल्या, संधी आणि धोके बाहेरचे. पुण्यात सोपं असेल. हिंगणघाटच्या अलीकडे कंपनी म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी जिनिंग, तीही भागीदारीतली. तिचा ना शेअर, ना वार्षिक अहवाल. इंटरनेटवर नाव टाकलं तर नकाशावर कापसाच्या ट्रॉलीचा फोटो, अन् खाली कुणाचा तरी अभिप्राय : 'पार्किंग चांगली आहे.'

मग प्रत्यक्षच गेलो. दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिलं. "इन्कमटॅक्सकडून आला का रे?" कॉलेजचं पत्र दिलं तर ते उलटं करून मागची कोरी बाजूही तपासली.

शेठजी मात्र दिलदार. चहा मागवला, टेबलावरचा रुईचा पुंजका दोन्ही चिमटीत ओढून धाग्याची लांबी दाखवली. क्विंटलभर कापसात 34 किलोच्या आसपास रुई, बाकी बहुतेक सरकी, गाठ 170 किलोची, सगळं तोंडपाठ.

"अन् कमजोरी, शेठजी?"

"कमजोरी कायची? हनुमानजीची कृपा आहे."

कृपा आतली धरायची की बाहेरची, हे पुस्तकात नव्हतं.

कमजोरी फाटकाबाहेर सापडली, गाड्यांच्या रांगेत. "लिव," एक काका म्हणाले, "यायचं ओलाव्याचं मशीन. कापूस घरी कोरडा रायते, अन् या फाटकात आला का वला होते." सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा 8 ते 12 टक्के चालतो, इथलं मशीन बाराच्या खाली यायला तयारच नाही. काकांच्या मते ही कंपनीची उणीव. दिवाणजींना विचारलं असतं, तर त्यांनी ते बलस्थानांत पहिलं घातलं असतं.

धोक्यांचा रकाना तर भांडणाचा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, अन् मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. सूतगिरणीला संधी, आमच्या बाबांना धोका. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, तो कागदावर. अन् शेठजींना काय? ते म्हणाले, "थांब, भाव पाहून सांगतो."

"मुख्य धोका तर तू लिवलाच नाही," बाबा म्हणाले. "पुढच्या साली आपण कापूस सोडून तूर पेरून राहिलो. गावातले अर्धे तेच म्हणून राहिले."

तेवढं एक वाक्य जोडून अहवाल पाठवला. सरांनी नेमकं त्याच्याच खाली लाल शाईनं लिहिलं : 'पुरावा?'

बाबांना दाखवलं. "सराले म्हणा, पेरा होऊ द्या. सातबारा जोडतो."