पॅनेल घ्या, तार मागू नका

‘डेन्मार्क बघा जरा!’ महाराष्ट्रातल्या वादात कुणी हे वाक्य टाकलं की मला इथे कोपनहेगनमध्ये ठसका लागतो. सध्या ते सौर कृषी पंपांवरून टाकलं जातंय. सरकारने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना काढली. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकीचं अनुदान. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात. तरीही गावोगावचे शेतकरी म्हणतात, सौर नको, खांबावरची लाइट द्या. यावर माझे पुण्यातले वर्गमित्र, ज्यातल्या निम्म्यांनी मोटारीचा स्टार्टर आयुष्यात दाबलेला नाही, ग्रुपवर लिहितात: फुकटाची सवय लागलीय यांना, डेन्मार्क बघा जरा.

बघतो की. रोजच बघतो. आमच्या बोलिगफोरेनिंगच्या, म्हणजे गृहनिर्माण सोसायटीच्या, सभेत छतावर पॅनेल टाकायचा विषय निघाला तेव्हा भांडणं झाली ती विम्यावरून, रंगावरून आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या गच्चीतल्या सावलीवरून. ‘पॅनेल घेताय ना, मग ग्रिडची जोडणी सोडा’ असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला बरं वाटत नसावं असं समजून लोकांनी त्याच्यापुढे कॉफी सरकवली असती. डिसेंबरात इथे दुपारी साडेतीन-पावणेचारला सूर्य मावळतो. तेव्हा छतावरचे पॅनेल शोभेचे. खाली तार आहे म्हणून तर त्यांचं कौतुक परवडतं.

डेन्मार्कच्या साम्सो बेटाचं उदाहरण आपल्याकडच्या भाषणांत हमखास येतं. १९९७ मध्ये सरकारी स्पर्धा जिंकून त्या चारेक हजार वस्तीच्या बेटाने दहा वर्षांत स्वतःच्या वापराएवढी अक्षय ऊर्जा स्वतः निर्माण करून दाखवली. जमिनीवर ११ पवनचक्क्या, समुद्रात १०, घरं उबदार ठेवायला पेंढा जाळणारे फ्येर्नवार्मे, म्हणजे एका जागी पाणी तापवून ते नळांनी घरोघर पोचवणारी केंद्रं. पाहुणे येतात, फोटो काढून जातात. फोटोत न येणारी वस्तू समुद्राच्या तळाशी आहे: मुख्य भूमीला जोडणारी केबल. वारा उदंड झाला की वीज तिकडे जाते, वारा पडला की तिकडून येते. वर्षाच्या हिशोबात बेट स्वयंपूर्ण आहे. केबल कापायची कल्पना तिथे कुणी मांडलेली माझ्या ऐकिवात नाही.

आता आमच्या शिवारात या. कवठेमहांकाळ तालुका, सांगली जिल्ह्याचा दुष्काळी पूर्व भाग. तिथे माझा थोरला चुलतभाऊ शेती करतो. त्याच्यापुढे निवड ठेवली गेली ती अशी: पारंपरिक जोडणी असेल तर सौर पंप नाही, आणि नवीन जोडणी मागायला गेलास तर सौर घे. मी फोनवर त्याला सौरचं माहात्म्य सांगायला लागलो तर म्हणाला, “तुला काय जातंय तिथनं बोलाय? ढग आला की धार करंगळीएवढी होतीया. मग काय डेन्मार्कचं पाणी सोडू द्राक्षाला?”

त्याच्या बोलण्यात विज्ञान आहे, वर्गमित्रांच्या बोलण्यात नाही. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३ किलोवॅटचे पॅनेल येतात. पूर्ण ताकद मिळते ती डोक्यावरच्या उन्हात. सकाळी आणि कलत्या दुपारी कंट्रोलर मोटारीचा वेग कमी करतो. विहीर उथळ असेल तर वेग कमी म्हणजे पाणी कमी, इतकंच. बोअर खोल असेल तर एका वेगाखाली मोटार फिरत राहते आणि पाणी वर येतच नाही. म्हणजे जिथे पाणी सगळ्यात खोल, तिथे त्या पंपाचा दिवस सगळ्यात आखूड. शिवाय पंपाचा आकार जमिनीच्या एकरांवर ठरतो. पाणी किती खोल आहे, हे एकराला कुठे माहीत?

सौर पंप वाईट आहे असं मी म्हणत नाही, आणि भाऊही म्हणत नाही. आमच्या लहानपणी लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असायची. रात्रीच्या पाळीला चुलते खांद्यावर खोरं टाकून, हातात बॅटरी घेऊन निघायचे आणि आजी ते परत येईपर्यंत जागी असायची. साप, विंचू, ओल्या हाताला बसलेला शॉक, जळालेला ट्रान्सफॉर्मर. दिवसाचं पाणी हे त्या भागातल्या दोन पिढ्यांचं मागणं आहे, आणि सूर्य ते देतो. तक्रार एवढीच की पॅनेल तारेच्या बदली दिले जातात. भरपाईसारखे.

खरं म्हणजे तार असली तर पॅनेलचं सोनं होतं. पंपाला वर्षभर काम नसतं. पाऊसकाळात, छाटणीआधी, पीक निघाल्यावर पॅनेल नुसते ऊन खात उभे असतात. त्यावर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर आहे, केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याचे निकषही काढलेत, पण आमच्या शिवारात मला तो कुठे दिसला नाही. आणि उरलेली वीज विकायला तारच नाही.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. २०१६ मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर सिंचनाची सहकारी मंडळी काढली, जगातली पहिली म्हणतात. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेची मदत होती. पॅनेलवर आधी पंप चालवायचा, उरलेली वीज ग्रिडला विकायची. वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला, युनिटला ४ रुपये ६३ पैसे. संस्थेने वर हरित ऊर्जेचा आणि भूजल वाचवण्याचा असे दोन बोनस दिले. बदल्यात शेतकऱ्यांनी स्वस्त सरकारी विजेवरचा हक्क सोडला. वर्गमित्रांना आवडेल असा सौदा, आणि तो शेतकऱ्यांनी राजीखुशीने केला, कारण हातात विकायला काहीतरी आलं.

आमच्या भागासाठी त्यात पैशाहून मोठी गोष्ट आहे. सौर पंपाला बिल नाही. ऊन आहे तोवर उपसा फुकट, आणि बोअर आधीच पाताळाला टेकलेत. पाणी जपा म्हणून कितीही फलक लावा, फुकटचा उपसा थांबत नाही. पण तेच युनिट विकलं तर पैसे मिळणार असतील, तर गरज नसताना चालवलेल्या पंपाचा प्रत्येक तास खिशातून जातो. मग माणूस स्वतःच मोटार बंद करतो. म्हणजे जी तार न ओढून आपण पैसे वाचवले, तीच भूजल वाचवणारी तार होती.

महाराष्ट्राला हे कुणी शिकवावं? १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या भागांवर साखर कारखाना उभा केला. आमच्याकडे सोसायटी आहे, दूध संघ आहे, पाणीपुरवठा संस्था आहेत. त्यातल्या किती बुडवल्या हेही मला माहीत आहे, इथे बसून आकडे मोजण्यात गंमत नाही. पण विजेच्या बाबतीत आम्ही शेतकऱ्याला सभासद करायचं विसरलो आणि थेट लाभार्थी केलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला यातली शहाणी कल्पना वाटते: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, त्यावर अख्खा कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी, दिवसा चालतो, शेतकऱ्याचा पंप आणि तार जागच्या जागी. पण मालकी? जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख, आणि प्रकल्प कंपनीचा. ऊन गावाचं, जमीन गावाची, वीज वापरणारं गाव, आणि गावाच्या वाट्याला भाडं.

आम्ही हे एकदा पाहिलंय. ढालगावच्या माळावर पवनचक्क्या आल्या तेव्हा मी शाळेत होतो. त्या काळी उद्योगांना पवनचक्कीवर घसाऱ्याची भरघोस कर सवलत होती, पहिल्या वर्षात ८० टक्के, त्याआधी तर १०० टक्के. म्हणून वाऱ्याशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनी वारा विकत घेतला. आमच्या गावात कुणाला त्यातला भाग घेता का म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही. पुढे पाऊस लांबला तेव्हा चुलते पारावर म्हणायचे, या पंख्यांनी ढग पळवले. मी सायन्सचा विद्यार्थी, त्यांना हसलो होतो. आज वाटतं, त्या पंख्यातला एक टक्का जरी त्यांच्या नावावर असता, तर ढगांबद्दल त्यांचं मत वेगळं असतं.

इथे आमागर स्ट्रँडवरून सायकलने जाताना समुद्रात मिडलग्रुनेनच्या २० पवनचक्क्या दिसतात. २००० मध्ये उभ्या राहिल्या, एकूण ४० मेगावॅट. निम्म्या शहराच्या वीज कंपनीने घेतल्या, निम्म्या एका सहकारी संस्थेने. संस्थेने ४०,५०० भाग काढले, एक भाग म्हणजे वर्षाला साधारण १००० युनिट, आणि आठ हजारांवर लोकांनी ते घेतले. ऑफिसातला एक जण आजोबांकडून आलेल्या भागांबद्दल जेवताना कुरकुरतो, यंदा काही फार मिळालं नाही म्हणून. ती कुरकुर ऐकून मला घरी असल्यासारखं वाटतं. कारखान्याच्या शेअरवरून आमच्या घरात अशीच कुरकुर चालायची.

आणि हे काही गोऱ्या कातडीतून उगवलेलं शहाणपण नाही. १८९१ मध्ये पॉल ला कूर नावाच्या मास्तराने आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत पवनचक्कीवर वीज तयार केली, आणि १९०४ पासून खेड्यातल्या पोरांना वीजतंत्री करायला घेतलं. तेव्हा डेन्मार्क लोणी आणि डुकराचं मांस विकणारा शेतकरी देश होता, आणि शहरातल्या कंपन्यांना खेड्यात तार ओढण्यात रस नव्हता. १९१८ च्या सुमाराला शंभरावर खेड्यांची छोटी वीजघरं वाऱ्यावर चालत होती. पुढे मोठी ग्रिड आली आणि ती वीजघरं गेली. बिहारमधल्या धरनई गावातही तेच झालं. २०१४ मध्ये तिथे गाजावाजा करून १०० किलोवॅटची सौर मायक्रोग्रिड बसवली, तर गावकऱ्यांनी उद्घाटनाला आलेल्या माजी मुख्यमंत्र्यांकडे, नितीश कुमारांकडे, ‘असली बिजली’ मागितली. ती आली, स्वस्त पडली, आणि सौरचा संच धूळ खात राहिला. यावर आमच्या ग्रुपवर हसू फुटलं होतं. पण फ्रिज आणि टीव्ही चालवू नका, लोड येतो, असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांनी काय मागायला हवं होतं?

डेन्मार्क बघायचंच असेल तर ह्योल्डेरुपही बघा. जर्मनीच्या सीमेकडचं इवलंसं गाव, चारी अंगांनी सौर पॅनेलनी वेढलेलं. लोक घरं सोडून गेले. अशा प्रकल्पांविरुद्ध इथे आता निवडणुका लढवल्या जातात, ‘लोखंडी शेतं नकोत’ म्हणून. याच डेन लोकांनी एके काळी रांग लावून पवनचक्क्यांचे भाग घेतले होते, लाखाहून जास्त कुटुंबांनी. कंपनीचं पॅनेल खिडकीसमोर आलं की डेनही आमच्या चुलत्यांसारखाच बोलतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एकाने विचारलं, तुझी स्वतःची शेती आहे का? आहे म्हटलं, आणि मग गप्प बसलो.

कारण भावाचा सौर पंपाचा अर्ज सध्या माझ्यापाशी अडलाय. सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर माझं नाव आहे, आणि सामाईक क्षेत्र असेल तर इतर हिस्सेदारांचा ना हरकत दाखला लागतो. तार मिळत नाही म्हटल्यावर त्याने नाइलाजाने सौर घ्यायचं ठरवलं. मग म्हणाला, ना हरकत देण्यापेक्षा हक्कसोडच करून टाक, दरवेळी दूतावासात जाऊन सही करायची कटकट नको. सरळ, व्यवहारी सूचना. त्या जमिनीत मी घाम गाळलेला नाही, द्राक्षाच्या एका पेटीवरही माझा हक्क नाही. तरी मी आठवडाभर उत्तर दिलं नाही.

माझ्याकडे आता डॅनिश पासपोर्ट आहे आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड. त्या कार्डावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली फक्त ठेवता येते. एकदा नाव निघालं की ते परत लावायला दुनियेतला कुठलाही पगार पुरणार नाही. इथे आमच्या सोसायटीत, आठवड्याच्या पत्त्यांच्या क्लबात, सगळीकडे मी रीतसर सभासद आहे, जनरलफोर्सामलिंगला, म्हणजे सर्वसाधारण सभेला, हात वर करतो, माझं मत मोजलं जातं. पण तलाठ्याच्या दप्तरातली ती एक ओळ सोडायची म्हटली की माझे सगळे सहकाराचे मुद्दे कोलमडतात. वर्गमित्राचा प्रश्न खवचट होता, पण नेमक्या ठिकाणी बसला. ज्याला त्या पाण्याचं काही पडलेलं नाही त्याने मालकीवर भाषण द्यावं, हे मलाही ऐकायला आवडलं नसतं. पण मला पडलेलं आहे, फक्त त्या पाण्याने माझं काही भिजत नाही.

शेवटी भावाला फोन केला. ना हरकत देतो, हक्कसोड मागू नकोस, असं सांगितलं. आणि राहवेना म्हणून पुढे सुचवलं की केंद्राच्या कुसुम योजनेत शेतकऱ्यांच्या गटाला पडीक जमिनीवर अर्ध्या मेगावॅटपासून प्रकल्प टाकता येतो, उपकेंद्र जवळच आहे, आपला माळ आहे, चार शेजारी घेऊन मंडळी काढू, माझेही भाग घाल.

“आधी ना हरकतवर सही कर,” तो म्हणाला. “मंडळीचं तू सुट्टीला आल्यावर बघू. आणि येताना महिनाभराची सुट्टी काढून ये. दोन दिवसांत मंडळी होत नसती.”